दहा मिनिटांची वीज

मी पनवेलला घरी अक्षरजुळणीची कामं घेऊ लागले ती ऐन भारनियमनाच्या काळात. दाभोळचा वीजप्रकल्प २००१मध्ये बंद पडलेला, मागणी वाढतच चाललेली. २००५नंतर तर वीज जाण्याच्या वेळा आम्हाला पाठ झाल्या होत्या. ठरल्या वेळी जाणाऱ्या विजेचा फारसा त्रास नसे, काम आधी आवरून ठेवता येई. घात करी ती न सांगता जाणारी.

म्हणून टेबलाखाली ६०० व्हीएचा यूपीएस आला. त्याच्या पोटात एकच बॅटरी, १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची. गुणाकार केला तर ८४ वॅट-तास, पण एवढ्या घाईने उपसा केला की शिशाची बॅटरी सगळं देत नाही. वीज गेली की यूपीएस ओरडू लागे आणि बोटं आपोआप कंट्रोल-एसवर जात. दहाएक मिनिटं मिळत. तेवढ्यात चालू परिच्छेद संपवून फाइल नीट बंद करता येई. दुसऱ्याचं हस्तलिखित हाताशी असताना ती दहा मिनिटं मला फार मोलाची वाटत, अजूनही वाटतात.

पुढे जाडजूड काचेचा मॉनिटर जाऊन सपाट आला आणि त्याच बॅटरीवर कितीतरी जास्त वेळ मिळू लागला. मोठी बॅटरी घ्यायच्या आधी वीज कोण खातंय ते बघावं, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

दोन-तीन वर्षांनी बॅटरी मान टाकते. एकदा तर ती फुगून डब्यात अशी अडकली होती की लाईन आळीतल्या दुकानदाराला पत्रा वाकवून काढावी लागली. लाल-काळ्या वायरींची टोकं काढून त्याने नव्या बॅटरीला बसवली आणि जुनी ठेवून घेतली. ती द्यावीच, कचऱ्यात टाकू नये. आत शिसं असतं.

नंतर घराला इन्व्हर्टर बसला. पंखे-दिवे छान चालत, पण वीज गेली की थेट त्याच्यावर लावलेला कम्प्युटर रीस्टार्ट होई. वायरमनने इन्व्हर्टरवरचा खटका ‘यूपीएस’ लिहिलेल्या बाजूला केला तेव्हा ते थांबलं. १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबई-ठाण्यासकट आमचीही वीज गेली, तेव्हा मुलीचा ऑनलाइन वर्ग इन्व्हर्टरवरच पार पडला.

टेबलाखालचा यूपीएस मात्र मी काढलेला नाही. इन्व्हर्टरची बॅटरी कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि सध्या हातात आहे तो साडेतीनशे पानांचा शब्दकोश.