एका नावाच्या दोघी

हिंगोली

चि. भाचीबाईस,

ताई सांगत होती, तुझ्याच नाव-आडनावाच्या मुलीला एकांकिकेत बक्षीस मिळालं आणि सगळं कॉलेज तुझं अभिनंदन करून गेलं. तेव्हापासून तू म्हणे नाव बदलायचं घेऊन बसली आहेस. तसं करू नकोस गं. आधी दोन श्वेतांची हकिगत ऐक.

२०१० च्या मार्चमध्ये विक्रम भटांचा ‘शापित’ हा सिनेमा आला. त्यात आदित्य नारायणची नायिका होती श्वेता अगरवाल. दोनेक महिन्यांनी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ‘युरोक्रिप्ट’ ही क्रिप्टोग्राफीची परिषद भरली. तिथल्या एका निबंधावर श्वेता अग्रवाल, डॅन बोने आणि झेवियर बॉयेन अशी तीन नावं होती. या श्वेता पुढे आयआयटी मद्रासमध्ये प्राध्यापक झाल्या.

तू गणितवाली, म्हणून निबंधाबद्दल जरा सविस्तर लिहितो. एरवी कुणाला गुप्त निरोप धाडायचा तर आधी त्याची सार्वजनिक किल्ली, म्हणजे आकड्यांची लांबलचक माळ, मिळवावी लागते. माणसाचा ईमेल पत्ता हीच किल्ली का नसावी, हा विचार आदी शमीर यांनी १९८४ साली मांडला. अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी त्याला लॅटिसच्या पायावर अधिक कार्यक्षम रूप दिलं. लॅटिस समजायला ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आण, फक्त ती शेकडो मितींत पसरलेली. त्यात मधेच एक बिंदू दिला, तर सर्वांत जवळचा ठिपका कोणता, हे शोधताना क्वांटम संगणकाचीही दमछाक होईल, असं अभ्यासक मानतात. मला हे फार सुंदर वाटतं. पण या पद्धतीत नुसतं नाव किल्ली म्हणून चालत नाही. एका नावाच्या दोघी निघाल्या तर एकीचा निरोप दुसरीला उघडेल. ओळख एकटीचीच लागते.

आपल्या नर्सीच्या नामदेवांच्या बाबतीत हा घोळ केव्हाच झालाय. नामदेव तेराव्या-चौदाव्या शतकातले. महाभारत मराठीत आणणारा विष्णुदास नामा सोळाव्या शतकातला. दोघांची नाममुद्रा ‘नामा’. नकला करणाऱ्यांच्या हातून धाकट्याचे अभंग थोरल्याच्या गाथेत गेले आणि ते वेगळे काढताना संशोधकांची पुरती दमणूक झाली. विष्णुदासाचं श्रेय असं दुसऱ्याच्या नावे जमा झालं, याची मला खरोखर हळहळ वाटते.

तुझ्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही. संशोधकांसाठी २०१२ पासून ‘ऑर्किड’ नावाचा सोळा आकड्यांचा क्रमांक मिळतो, पैसे लागत नाहीत. तो काढून घे आणि पहिल्या निबंधापासून नावाशेजारी लाव. नाव आजीनं ठेवलंय, ते राहू दे. आणि त्या मुलीसाठी आलेलं अभिनंदन त्याच दिवशी तिच्यापर्यंत पोचवत जा, ते तिच्या मेहनतीचं आहे.

तुझा,
मामा