उभी गाडी आणि ऑइल

राजदूत टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल हेच तिच्या पिस्टनचे वंगण. नागपूरच्या ४५ अंशांत गाडी उभी राहिली की पेट्रोल उडते, ऑइल कार्बोरेटरच्या जेटमध्ये चिकटून बसते. थोरल्या भाऊंना पक्षाघात झाल्यापासून त्यांची राजदूत दोन उन्हाळे तशीच होती. विकून टाका, असे नातलग म्हणत. वहिनींनी भाऊंनाच विचारले. त्यांना बोलता येत नाही. उजवी मूठ पिळून दाखवली. विषय संपला!

पुतण्या म्हणाला, "काका, टाकीत ऑइल आहेच, नुसते पेट्रोल टाकू." मी अडवले. ऑइल कमी पडले तर पिस्टन जाम होतो. मिस्त्रीने टाकी रिकामी केली, कार्बोरेटर धुतला, प्लग घासला, ताजे मिश्रण भरले. गिअरबॉक्सचे ऑइल वेगळे असते. तेही बदलावे, लोक विसरतात. गाडी पुन्हा उभी ठेवायची असेल, तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधले पेट्रोल काढून टाकावे.