मुक्तागिरी : भारी धान उभे असताना

सिहोरा परिसरात डोंगर म्हटला की प्रथम आठवते ती चांदपूरच्या जलाशयाजवळील हनुमानाची टेकडी. बाकी बहुतेक नजर जाईल तिकडे धानाच्या बांध्या. अशा मुलखातील जैन कुटुंबाला मुक्तागिरीच्या कड्याची ओढ वाटावी, हे स्वाभाविकच. अडचण असते ती दिवस काढण्याची. पावसाळ्यात तेथील धबधबा ऐन भरात असतो, परंतु तो काळ चातुर्मासाचा. जीवहिंसा टळावी म्हणून मुनी एका जागी स्थिरावले असता गृहस्थाने केवळ पाणी पाहण्यासाठी ओला डोंगर तुडवावा, हे मनास रुचत नाही. उन्हाळ्यात पाणी आटते, पायऱ्या तापतात. भारी धान बाजारात येऊ लागले की दुकान सोडवत नाही. उरतो तो दिवाळीला निर्वाण लाडू चढविल्यानंतरचा आठवडा. हलके धान तोवर येऊन गेलेले असते, भारी अजून उभे असते.

तुमसर, भंडारा, नागपूर, अमरावती असा मार्ग करीत परतवाडा गाठेपर्यंत दिवस कलू लागतो. तेथून क्षेत्र जवळच, मात्र ते मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मोडते. सूर्यास्तापूर्वी भोजन व्हावे अशा बेताने निघणे बरे.

पहाटे चढण सुरू होते. सातपुड्याच्या कुशीत डोंगरभर विखुरलेली ५२ मंदिरे, मध्ये कड्यावरून कोसळणारे पाणी आणि खडकात कोरलेले प्राचीन गुहामंदिर. साडेतीन कोटी मुनी येथून मोक्षास गेले, अशी श्रद्धा असल्याने हे सिद्धक्षेत्र. याचे जुने नाव मेंढागिरी. ध्यानस्थ मुनींसमोर कड्यावरून एक मेंढा कोसळला. मुनींनी त्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला आणि तो देवगतीस गेला, अशी कथा आहे. त्या देवाने पुढे येथे मोत्यांची वृष्टी केली, म्हणून मुक्तागिरी. गुडघे साथ देत नसतील त्यांनी हट्ट धरू नये. पायथ्याशीही दर्शन घडते.

अनवाणी पायांना खडा बोचला म्हणजे १९२८ हे साल आठवावे. हा डोंगर तेव्हा खापर्डे यांच्या मालकीचा होता. शिकारीस येणारे इंग्रज बूट घालूनच मंदिरांच्या वाटेने वर जात. यात्रेकरूंना ते सलत असे, पण मालकी परक्याची, बोलणार कोण? अखेर एलिचपूरचे दानवीर नथुसा पासुसा कळमकर यांनी समाजातील अन्य सद्गृहस्थांच्या साथीने डोंगरच विकत घेतला. खरेदीखताचे मोल व्यापाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही. मात्र या व्यवहारात उत्पन्नाचा विचारच नव्हता. पैसा मोजून मिळविला तो एवढाच अधिकार, की येणाऱ्यास पादत्राणे खाली उतरविण्यास सांगता यावे. मंदिर बांधणाऱ्याचे नाव शिलेवर राहते; वाट राखणाऱ्याची आठवण मुद्दाम काढावी लागते.

मुलाबाळांच्या आग्रहास्तव पुढे चिखलदऱ्यासही जाणे होते. सुमारे १,१०० मीटर उंचीवरील ती थंड हवा, कॉफीचे मळे, १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतलेला गाविलगड, सारे एका दिवसात उरकते. क्षेत्रावर मात्र दुसरी पहाटही काढावी. पहिल्या दिवशी पाहणे होते, वंदना दुसऱ्या दिवशी निवांत होते.

परतीच्या वाटेवर भंडारा मागे पडले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंस कापणी सुरू झालेली दिसते, आणि मोटारीत बसल्या बसल्याच दुकानाचे फोन सुरू होतात.