वाढणारा केव्हा जेवतो?

बारामती-इंदापूरचे नाव निघाले की वाचकांच्या डोळ्यांसमोर ऊस, कालवा आणि सहकार उभा राहतो. पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर काट्याचमच्यांनी घेतलेले भोजन काही उभे राहत नाही. परंतु हे भोजन या मुलखास नवे नव्हे. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला, वीरच्या बंधाऱ्यापासून निघून बारामतीवरून इंदापूर तालुक्यात शिरला, आणि त्याच्या काठाने पाटबंधारे खात्याचे बंगले उभे राहिले. दौऱ्यावरचे साहेब तेथे मुक्काम करीत आणि खानसामा त्यांना सूप, मासा, रोस्ट, पुडिंग अशा क्रमाने जेवू घाली. १९३० च्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या परिसरात साखर कारखाना काढला, वालचंदनगर वसले. मागोमाग सहकारी कारखाने आले. कारखाना म्हटला की अतिथिगृह आले आणि अतिथिगृह म्हटले की स्वयंपाकी आला.

आमचे बाबा हे अशाच एका कारखान्याच्या अतिथिगृहात तीस वर्षे स्वयंपाकी होते. एका गोवेकर कुकच्या हाताखाली ते शिकले. गरम पदार्थाची बशी गरम हवी, वाढणे डावीकडून, उचलणे उजवीकडून, पाहुण्याच्या बोलण्यात आपली सावलीही पडू नये, ही त्यांची शिस्त. घरी मात्र आईच्या हातची बाजरीची भाकरी ते मांडी घालून, मुकाट्याने खात.

पदार्थ एकामागून एक आणण्याची ही रीत युरोपातही फार जुनी नाही. पूर्वी फ्रेंच मेजवानीत पुष्कळसे पदार्थ एकदमच टेबलावर मांडीत आणि ज्याच्या हाताशी जे असेल ते तो घेई. १८१० च्या सुमारास पॅरिसमधील रशियन राजदूत कुराकिन यांनी एकेक पदार्थ आणून वाढण्याची पद्धत तेथे नेली असे मानतात; एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती सर्वत्र रूढ झाली. अन्न गरम मिळू लागले, पण त्यासाठी टेबलाभोवती उभे राहणारे हात वाढले. आपल्या पंगतीलाही क्रम आहेच. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर पानाच्या डावीकडे, भाजी उजवीकडे, मग वरणभात आणि पुढचे सारे. फरक इतकाच की, पंगतीत आज जो वाढतो तो उद्या दुसऱ्याच्या मांडवात पाटावर बसतो. (निदान तसे व्हावे. घरातील स्त्रियांच्या वाट्याला ते कितपत येते हे आपण सारे जाणतो.)

आता काळ पालटला आहे. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, वाइननिर्मितीस चालना मिळाली, आणि बारामतीच्या वाटेवर रोटी गावी द्राक्षमळ्यांमध्ये फ्रेंच शातोच्या धर्तीची वास्तू उभी राहिली. त्याच रोटी घाटातून दर आषाढात तुकोबांची पालखी बारामतीकडे उतरते. पुढे काटेवाडीस परीट मंडळी तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्या पालखीभोवती धावतात. मग सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम होतात. वाटेवर माणसे अनोळखी वारकऱ्यांना हाताला धरून जेवायला बसवतात आणि आपण मागाहून जेवतात.

आईबाबांच्या लग्नाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आम्ही भावंडांनी त्या दोघांना अशाच एका आलिशान ग्रामीण निवासात जेवायला नेले. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. जेवण उत्तम होते. आमचा हेतू सरळ होता. ज्यांनी जन्मभर वाढले त्यांना एकदा कुणीतरी वाढावे. बाबांनी जुना कोट चढवला, आईने ठेवणीतली नऊवारी.

बाबा खुर्चीत बसले खरे, पण टेकले नाहीत. सूप आले तेव्हा त्यांनी आधी बशीला बोट लावून पाहिले आणि मान डोलावली. मासा परदेशातून आलेला होता. तेथून फार दूर नसलेल्या भिगवणच्या बाजारात उजनीच्या पाण्यातली मरळ आणि चिलापी ढिगांनी उतरत असताना हे कशाला, असे आम्ही पुटपुटलो, तर बाबांनी आम्हांलाच दटावले. “करणाऱ्यानं मन लावून केलंय. खा.” आईला प्रत्येक वेळी पहिली बशी येई आणि प्रत्येक वेळी ती बाबांकडे सरकवी. अखेर बाबा म्हणाले, “अगं, इथं बाईमाणसाला पहिलं वाढतात. घे.” पन्नास वर्षांच्या संसारात आई त्यांच्याआधी जेवल्याचे आम्हांला आठवत नाही. तिने चमचा उचलला आणि आमच्याकडे न पाहता खाल्ले.

वाढणारा मुलगा विशीतला, इंदापूर तालुक्यातलाच होता. चौथा पदार्थ ठेवून तो मागे सरला तेव्हा बाबांनी त्याला विचारले, “बाळा, तू जेवलास का?”

तो गोंधळला. “आमचं अकराला असतं, आजोबा.”

त्या वेळी साडेआठ झाले होते. बाबा काही बोलले नाहीत. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली तिच्या पस्तिसाव्या अध्यायात, मठातील बंधूंनी पाळीपाळीने एकमेकांची सेवा करावी, सबळ कारणावाचून कुणालाही स्वयंपाकघरातून सूट नसावी, असे आहे. आणि आठवड्याच्या सेवकांना जेवणाच्या वेळेपूर्वी थोडी भाकर व पेय देण्याचीही सोय आहे, की उपाशीपोटी कुरकुर न करता त्यांनी वाढावे. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या मठाधिपतीला वाढणाऱ्याची भूक दिसली. आम्हांला ती त्या रात्री, तीही बाबा बोलले म्हणून, दिसली. बाबा अतिथिगृहातून घरी परतत तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असत आणि आम्ही झोपलेले असू.

कॅरॅमल कस्टर्ड आले. बाबांनी एक घास घेतला आणि म्हणाले, “साखर जरा जास्त जाळलीय, पण चालेल.” मग मांडीवरचा नॅपकिन उचलून त्यांनी टेबलावर पसरला. ऐंशीच्या घरातली बोटे थरथरत होती, तरी चार घड्यांत बिशपांच्या मुकुटाचा आकार उभा राहिला. मुलगा रिकाम्या बश्या हातात घेऊन तसाच उभा होता.

“पुन्हा दाखवा ना, आजोबा,” तो म्हणाला.

बाबांनी घडी मोडली, शेजारची खुर्ची ओढली आणि त्याला बसायची खूण केली. त्याने दाराकडे एकदा पाहिले, बश्या खाली ठेवल्या, आणि बसला.