सोप्यावरची बालवाडी

आम्ही सख्खी-चुलत मिळून पंधरा-सोळा भावंडं, कोरेगावच्या पुढच्या एका गावात, एकाच वाड्यात वाढलो. थोरला दादा आता सत्तरीत आहे आणि सगळ्यांत धाकटीलाही नातू झालाय. पुणे, इचलकरंजी, ठाणे, एकजण बडोद्याला, अशी पांगापांग झाली. तरी लग्नाकार्याला एकत्र जमलो की बोलणं हायस्कुलाकडे किंवा कॉलेजकडे फारसं वळत नाही. ते जातं पहिलीच्याही आधीच्या वर्षांकडे, आत्याच्या बालवाडीकडे. इतक्या लहानपणचं एवढं लक्षात कसं, असं सुना-जावयांना वाटतं. लक्षात राहिलं ते हातांनी केलेलं होतं म्हणून, असं मला वाटतं.

बालवाडी सुरू व्हायच्या आधीही घरात शिकणं चालूच होतं, फक्त त्याला कुणी शिकणं म्हणत नव्हतं. दुपारी माजघरात आजी तांदूळ निवडायला बसली की तिच्यासमोर एक छोटं ताट आमच्यासाठी असायचं. खडे एका बाजूला, भाताचे दाणे दुसऱ्या बाजूला. चार वर्षांच्या पोराची नजर आणि चिमूट किती बारीक काम करू शकते, हे आजीला पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. कणगीतून धान्य काढताना चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली अशी मापं बाहेर यायची. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. हे आम्ही पाठ केलं नाही, ओतून पाहिलं. दिवेलागणीला ओसरीवर मोठ्यांचा परवचा चाले. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी ऐकता ऐकता आमचे डोळे मिटायचे. अर्थ कळत नव्हता, पण ताल अंगात शिरत होता. दादाला हे पटत नाही. त्याच्या मते त्या परवच्याने त्याला फक्त धाक शिकवला, कारण चुकलं की आजोबांचा हात कानाशी यायचा. त्याचंही खरं आहे. एकाच ओसरीवर ऐकणाऱ्याला आणि म्हणणाऱ्याला वेगवेगळं काही मिळत होतं.

आत्या लग्नानंतर वर्षभरातच विधवा होऊन माहेरी आली. आमच्या वाट्याला ती आली तेव्हा तिची विशीही सरली नव्हती. अशा मुलीने माजघरात राबावं आणि कुणाच्या नजरेत येऊ नये, असा तो काळ. पण थोरल्या काकांनी कुठूनसं कोसबाडच्या बालवाडी-प्रशिक्षणाबद्दल ऐकलं आणि हट्टाने तिला पाठवलं. साठच्या दशकाची सुरुवात होती ती. पुण्याहून मुंबई, मुंबईहून गुजरातकडे जाणारी गाडी, मग डहाणू तालुक्यातली ती टेकडी. घरातली एकटी बाई इतक्या लांब गेल्याची चर्चा गावात बरेच दिवस चालली.

ती परत आली ती वेगळीच होऊन. बोलायला लागली होती. संध्याकाळी आम्हाला मांडीवर घेऊन ती तिकडच्या गोष्टी सांगायची. गिजुभाई बधेका नावाच्या वकिलाची गोष्ट. वकिली सोडून ते भावनगरला मुलांमध्ये रमले, तिथे 1920 साली बालमंदिर काढलं, आणि त्यांच्या मिशांमुळे लोक त्यांना ‘मूछाळी माँ’ म्हणायला लागले. ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करत होत्या. मारिया माँटेसरी स्वतः 1939 मध्ये मद्रासला आल्या, पण त्याच्या कितीतरी आधी ह्या लोकांनी त्यांची बालशिक्षणाची पद्धत गुजरातीत आणि मराठीत रुजवली होती. ताराबाईंनी पुढे 1945 साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, पुढे ते काम कोसबाडला गेलं आणि अनुताई जन्मभर त्यातच राहिल्या. अनुताई बालविधवा होत्या. आत्या हे एवढंच वाक्य बोलायची आणि पुढे जायची. त्या एका वाक्यावर ती तगली, असं आमच्यातल्या बायकांना आज वाटतं.

ताराबाईंच्या बालवाडीत आदिवासी मुलं येत नव्हती, कारण कुणाला गुरं राखायची होती, कुणाला कडेवर धाकटं भावंड होतं. तेव्हा ताराबाईंनी मुलांना बोलावणं सोडलं आणि बालवाडीच पाड्यावर, त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर जोडलं. महागडी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा शंख-शिंपले, बिया, गारगोट्या, पानं, बांबू हीच साधनं झाली. हा विचार मला आजही थोर वाटतो. मूल शाळेत येत नसेल तर मुलात खोट शोधायची नाही, शाळा हलवायची. आपल्याकडे अजून उलटंच चालतं.

आत्याने वाड्याचा सोपा मागून घेतला. आजोबांनी एका अटीवर दिला: दुपारी कूळ-वसुलीची माणसं यायच्या आत सगळं आवरलेलं हवं. आवरणं हाच मग बालवाडीचा मोठा भाग झाला. आपली चटई आपण गुंडाळायची, कोपऱ्यात उभी करायची, सांडलेलं आपण पुसायचं. दादा तोवर पहिलीत गेला होता, तो सकाळी सामान मांडायला असायचा आणि म्हणून त्याला सगळं जास्त आठवतं.

काय काय होतं तिथे! कोसबाडला तिने भोकांत बसवायचे लहानमोठे लाकडी दट्टे पाहिले होते, त्यांच्या जागी आमच्याच घरातली मापं आली. चिपट्यापासून पायलीपर्यंत उतरंडीने लावायची, मग डोळे बांधून लावायची. जुन्या लुगड्याच्या पुरचुंड्या होत्या. एकीत ओवा, एकीत जिरं, एकीत वेखंड, एकीत हिंग. हुंगून सांगायचं. वेखंड कुणालाच आवडत नसे आणि ओळखायला मात्र सगळ्यांत आधी तेच यायचं. दोन तांब्यांतून पाणी इकडून तिकडे, थेंब न सांडता. जुन्या अंगरख्याच्या दोन पट्ट्या फळीला ठोकल्या होत्या, त्यावर बटणं लावायला आणि काजं भरायला शिकलो. कुंभाराकडून आणलेली माती, तिचे लाडू, बैल, चुली. चिंचोक्यांची मोजदाद. रोज सकाळी नखं आणि दात बघणं. ज्याचे हात मळलेले त्याला रागावणं नाही, रांजणाकडे पाठवणं.

आणि शांततेचा खेळ. सोप्याची दारं लोटायची, मांडी घालून डोळे मिटून बसायचं आणि ऐकायचं. आधी गोठ्यातली साखळी ऐकू यायची, मग परसातला रहाट, मग लांब ओढ्यावर धुणं आपटल्याचा आवाज. मग आत्या दुसऱ्या टोकाकडून अगदी हळू एकेकाचं नाव घ्यायची. ज्याचं नाव त्याने आवाज न करता उठून तिच्याजवळ जायचं. आपलं नाव शेवटी आलं तरी थांबायचं. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’मधला मास्तर हाच खेळ पहिल्या दिवशी करायला जातो आणि वर्गात गोंधळ उडतो, हे पुढे कॉलेजात वाचलं तेव्हा कळलं की आत्याकडेही तो एका दिवसात जमला नसणार. आमच्यातली इचलकरंजीची ताई पुढे नर्स झाली. ती म्हणते, रात्रपाळीत पेशंटचा श्वास ऐकायला मी सोप्यावर शिकले.

बालवाडीत फक्त वाड्यातली पोरं नव्हती. आत्याने पहिल्याच दिवशी सगळ्या आळ्यांत फिरून सांगितलं होतं. रामोशी, मांग, महार, धनगर, कोष्टी, सगळ्यांच्या घरी गेली. त्यावरून घरात जे झालं ते लपवून हे लिहिता येणार नाही. आजी दोन दिवस जेवली नाही. पाण्याचा माठ वेगळा ठेवावा, असा तिचा आग्रह होता. आत्याने माठ एकच ठेवला आणि डावही एकच. ‘मुलं हात धुऊन पाणी घेतात, एवढं पुरे,’ असं ती म्हणाली. थोरले काका तिच्या बाजूने उभे राहिले म्हणून ते टिकलं. आजी शेवटपर्यंत पुरती बदलली नाही. ती दुपारी सोपा पुन्हा सारवून घ्यायची. पण गूळ-फुटाण्याचा डबा भरून ठेवायचं काम तिने कधी चुकवलं नाही, आणि नंतर नंतर आळीतल्या पोरांची नावं तीच आम्हाला सांगायची. आम्हा मुलांना शेजारी बसलेला कोण हे कळायच्या आधीच त्याच्या ताटलीतले फुटाणे खाऊन झाले होते. पुढे शाळेत आम्हाला भेद शिकवायचा प्रयत्न झालाच, पण तो उशिरा आला.

गावकऱ्यांची तक्रार वेगळीच होती. ही पोरांना नुसती खेळवते, अक्षर शिकवत नाही. पेठेतल्या एका शिकवणीत चार वर्षांची पोरं पाटीवर बाराखडी गिरवत होती, आणि आम्ही मातीचे बैल करत होतो. आत्या वाद घालत नसे. ती वाळूच्या ताटात बोटाने रेषा, गोल, वेलांट्या काढायला द्यायची, रांगोळीचे ठिपके जोडून घ्यायची. मनगट आणि बोटं तयार झाल्याशिवाय पेन्सिल धरायला लावणं हा मुलावर जुलूम आहे, हे तिचं ठाम मत होतं, आणि ते माझंही आहे. पहिलीत गेल्यावर आम्हाला लिहायला वेळ लागला नाही. बडोद्याचा भाऊ इथे लगेच अडवतो. त्याला वाचन फार उशिरा आलं, आणि बालवाडीत थोडं अक्षराकडे वळवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटतं. त्याची बाजू मी खोडून काढू शकत नाही. एवढंच म्हणते की त्याला गोष्ट सांगता येत होती, अशी की सोपा गप्प व्हायचा.

1972 च्या दुष्काळाने बालवाडीचं रूप पालटलं. मोठी माणसं खडी फोडायला रोजगार हमीच्या कामांवर जायची, पोरं दिवसभर सोप्यावर. आत्याने वेळ वाढवली, घरातली दोन लुगडी बांधून झोळ्या केल्या. सुकडीचा वास आमच्या धाकट्यांना अजून आठवतो. पुढच्याच वर्षी, 1973 मध्ये, ताराबाई गेल्याची बातमी आली. त्या दिवशी आत्याने बालवाडी बंद ठेवली नाही.

एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला देशात 33 ठिकाणी सुरू झाली. आमच्या गावात तिची अंगणवाडी यायला बरीच वर्षं गेली. ती आली तेव्हा आत्या थकली होती, तिने चटया आणि पुरचुंड्या तिकडे देऊन टाकल्या. आताची सेविका आमच्याच सोप्यावर शिकलेल्या एकीची मुलगी. सकाळी पोरांची वजनं, पोषण आहार, गरोदर बायकांच्या नोंदी, लसीकरणाचा दिवस, सर्वेक्षण, मोबाइलवर माहिती भरणं, आणि एवढं उरकून शिकवणं. तिच्या हातात पगार नाही, मानधन पडतं, आणि तेही वेळेवर मिळावं म्हणून तिला मोर्च्याला जावं लागतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा टप्पा शिक्षणाचा पाया मानला. पाया मानायचा तर तो घालणाऱ्या बाईला पूर्ण वेतन द्यायला हवं. ह्यावर आम्हा भावंडांत दुमत नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही तिची अंगणवाडी बघायला गेलो. पोरं चिंचोके मोजत होती. खोलीचा पत्रा दोन ठिकाणी गळतो, त्याखाली घमेली ठेवली होती. ग्रामपंचायतीचा ठराव होईल तेव्हा होईल. वर्गणी ठरली, बडोद्याच्या भावाने सगळ्यांत जास्त घातली, आणि मृगाच्या आत पत्रा बदलायचं काम धाकट्या काकांच्या मुलाने अंगावर घेतलं.