खताच्या चिठ्ठीच्या पलीकडे

माती परीक्षणाचा अहवाल हातात पडला की शेतकरी आधी युरिया किती लिहिलाय ते बघतो. दिल्लीच्या आसपासच्या गावांत हे मला नेहमी दिसतं. माझी नजर जाते ती सामू आणि विद्युत वाहकतेवर. खताचं नंतर बघू. या जमिनीवर काय करण्यात शहाणपण आहे, ते आधी या दोन आकड्यांना विचारावं.

नजफगडकडे आणि पुढे हरियाणात नूह, झज्जरच्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी भूजल खारं आहे. त्या पाण्यावर भिजलेल्या शेतात उन्हाळ्यात पांढरा थर फुटतो, इकडे त्याला ‘रेह’ म्हणतात. मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन खारवट. तिथे गोड्या पाण्यानं मीठ खाली धुवायचं आणि त्याला बाहेर पडायला निचरा काढून द्यायचा. सामू साडेआठच्या वर आणि कणांना सोडियम चिकटलेला असेल, तर ती चोपण. तिथे आधी जिप्सम, मग पाणी, मग भात किंवा ढैंचा. कर्नालची केंद्रीय मृद लवणता संशोधन संस्था १९६९ पासून यावरच काम करते आहे. तरीही दुकानदाराच्या शब्दावर नुसत्या खारवट रानात जिप्समची पोती रिकामी करणारे भेटतात. पैसा मातीत जातो, अक्षरशः.

यमुनेच्या खादरात, म्हणजे पूरमैदानात, गोष्ट वेगळी. गाळाची माती, पाणी हाताशी, शहर दारात. पालक-मुळा झकास येतो. पण नदीत नाल्यांचं पाणी मिसळतं आणि शिसं, कॅडमियम भाजीत उतरण्याची भीती असते. म्हणून जानेवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं इथल्या पूरमैदानात खाण्याच्या पिकांना मनाई केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत मृद आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. तिच्यात बारा घटक तपासतात, शिसं आणि कॅडमियम त्यांत नाहीत. पत्रिका चांगली आली म्हणून भाजी निर्धोक, असं मानू नये. अशा जमिनीवर पुसा संस्थेचा नारंगी झेंडू लावा, असं मी सांगतो. ज्याचं घर रोजच्या भाजीवर चालतं, त्याला ते पटत नाही. त्याचंही खरं आहे.

नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्थेत आपल्याकडच्या जमिनींचे नकाशे तयार होतात. क्षमतेनुसार जमिनीचे आठ वर्ग. पहिले चार शेतीला योग्य. राजधानीभोवती प्लॉट पाडताना हा वर्ग कोण विचारतो? सपाट, खोल, निचऱ्याची जमीन बिल्डरलाही तेवढीच आवडते.

खरीप निघाला आणि रब्बी पेरायची आहे, अशा या दिवसांत नमुना घ्यायला चांगली संधी असते. बांध, झाडाची सावली, उकिरडा टाळा. इंग्रजी ‘व्ही’सारखा १५ सेंटीमीटर खड्डा करून कडेची माती खरवडा. जस्त तपासायचं असेल तर जस्ताचा मुलामा दिलेली बादली नको, प्लास्टिकची घ्या. आणि मातीच्या पिशवीसोबत आपल्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याची बाटलीही प्रयोगशाळेत द्या.