वातीपुरता कापूस

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की ओळखीतल्या आया विचारतात, पोरांना हातानं करायला काही सोपं सांगा ना. त्यांच्या मनात आकाशकंदील असतो, कागदाची फुलं असतात, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर असतं. मी सांगते, वाती करा. मग चेहरा जरा पडतो. वाती ही काय हस्तकला झाली? ते तर म्हाताऱ्या बायांचं, दुपारी जेवणं झाल्यावर भिंतीला टेकून करायचं काम. शिवाय पाकीट मिळतंच की दुकानात.

मिळतं. यवतमाळच्या बाजारात फुलवाती, लांब वाती, कुंकू लावलेली वस्त्रमाळ, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत बंद होऊन मिळतं. आणि ती पिशवी घेऊन दुकानाबाहेर पडावं तर समोरून कापसानं शीग भरलेली गाडी जिनिंगकडे जाताना दिसते. मला दर हंगामात याचं हसू येतं. ज्या जिल्ह्याच्या अंगणात, ओसरीत, कधी कधी झोपायच्या खोलीतसुद्धा छतापर्यंत कापूस भरलेला असतो, तिथे देवापुढची वात परगावाहून यावी!

पोरांच्या हाताला काम द्यायला आमच्याकडे इतरही गोष्टी होत्या. जोंधळ्याच्या धांड्याची बैलगाडी होती. साल सोलून तिच्या काड्या करायच्या आणि आतल्या मऊ गाभ्याच्या तुकड्यांत खुपसून चाकं, साटी, जू उभं करायचं. शिमग्याला पळसाची फुलं उकळून केशरी रंग काढायचा. पण सोयाबीन आलं, जोंधळा शिवारातून हटला, आणि पळसाच्या फुलांसाठी रानात जावं लागतं. कापूस मात्र दाराशी आहे. म्हणून मी वातीवर अडून बसते.

आधी कापूस कोणता घ्यायचा ते सांगते, कारण निम्मी वात तिथेच ठरते. औषधाच्या दुकानातला निळ्या कागदातला कापूस घेऊ नये. तो दिसतो पांढराशुभ्र, पण कॉस्टिक सोड्यात उकळून आणि ब्लीच करून त्याच्या अंगचं मेण काढून टाकलेलं असतं. शेतातल्या कापसाच्या प्रत्येक तंतूवर मेणाचा अगदी पातळ थर असतो. पोरांना हे सांगून पटत नाही, म्हणून मी दोन वाट्या पाणी मांडते. एकीत दुकानातला कापूस टाकायचा, दुसरीत बोंडातला. दुकानातला बघता बघता पाणी पिऊन तळाला जातो. बोंडातला तरंगतच राहतो, बोटानं दाबला तरी वर येतो. जखमेला पहिला बरा, कारण त्यानं रक्त-पू शोषायला हवा. वातीला दुसरा. मेणाचं आणि पाण्याचं जमत नसलं तरी मेणाचं आणि तेलाचं जमतं, म्हणून वात तेल खुशाल ओढते.

शेतातल्या कापसातही फरक असतो. पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा घ्यावा. किडीनं डागाळलेली कवडी बाजूला काढावी. आणि फरदडीचा तर घेऊच नये. शेवटी शेवटी झाड थकलेलं असतं, त्याचा तंतू ताण सोसत नाही, वळता वळता तुटतो. सकाळी वेचलेल्या कापसाला दव असतं, त्याला एक दिवस ऊन दाखवावं.

मग सरकी काढायची. हे काम पोरांना सगळ्यात आवडतं. जुन्या बाया पाटावर बोंडाचा कापूस ठेवून त्यावरून लोखंडी सळई दाबत फिरवायच्या. रुई मागे राहायची आणि सरकी पुढे निसटायची. चार वातींना एवढा खटाटोप लागत नाही, बोटांनी होतं. सरकी काढल्यावर पोरं निराश होतात, कारण पसाभर दिसणारा कापूस वजनानं तिसऱ्या हिश्श्यावर येतो. जिनिंगमध्येही हाच हिशेब आहे. क्विंटलभर कापसातून रुई निघते तेहतीस-पस्तीस किलो, बाकी बहुतेक सरकी. तिचं तेल निघतं, ढेप म्हशीपुढे जाते, आणि शेतात उरलेली पराटी, म्हणजे कपाशीची झाडं, चुलीत. सरकीचंच तेल दिव्यात घातलं तर वातही त्याच बोंडातली आणि तेलही त्याच बोंडातलं.

रुई निघाली की तिला मोकळं करायचं. पिंजाऱ्याची धनुकली आता दिसत नाही आणि तिची गरजही नाही. दोन्ही हातांच्या चिमटीत रुई धरून हलकेच ओढायची, एकावर एक ठेवायची, पुन्हा ओढायची. खादीवाले याला तुनाई म्हणतात. वर्धा नदीपलीकडे पवनार-सेवाग्रामला हे काम एकेकाळी मोठमोठ्या माणसांनी मांडी घालून केलं. इथे घाई केली की पुढे सगळं बिघडतं. तंतू एका दिशेला आले नाहीत तर वातीत गाठी पडतात, आणि गाठ आली की ज्योत तिथे येऊन फुरफुरते. आमच्या घरची आजी माझे हात पाहून म्हणायची, "काव्हून एवढा जोर लावतं व पोरी? कापसाले ओढू नोको, त्याले सोड." मला त्या वयात ते काही कळत नव्हतं. आता मी तेच वाक्य शेजारच्या पोरांना ऐकवते आणि त्यांनाही कळत नाही. त्यांच्या बोटांना हळूहळू कळतं.

लांब वात वळायची तर बोटांना चिमूटभर राख किंवा रांगोळी लावावी. कोरडी पकड येते. मोकळ्या केलेल्या रुईची वीतभर पट्टी घ्यायची, एक टोक डाव्या चिमटीत धरायचं आणि उजव्या तळव्यानं मांडीवर एकाच दिशेला वळत न्यायची. पीळ भरत गेला की ती अंगाला खाते, आखूड होते, सोडली तर कुरळी होऊन उसळते. नेमक्या त्याच वेळी ती मधोमध दुमडायची आणि सोडून द्यायची. दोन्ही पदर आपोआप एकमेकांभोवती उलट्या दिशेनं गुंडाळले जातात. एकेका पदराचा पीळ सुटायला बघतो, पण तो सुटू लागला की दोन पदरांचा मिळून झालेला पीळ आणखी घट्ट होतो. दोघं एकमेकांना अडवून धरतात, आणि वात गाठ न मारता, दोरा न बांधता टिकते. दोरखंड असाच टिकतो, सूतगिरणीतलं दुपदरी सूतही असंच. देवापुढे एकेरी वात लावू नये असं घराघरात सांगतात. त्यामागे शास्त्र काय असेल ते असो, मला तर त्यात कुणा शहाण्या हाताचा अनुभव दिसतो; एकेरी वात तेलात पडली की उलगडते.

फुलवात त्याहून सोपी आहे, पण सुबक करायला अवघड. लिंबाएवढी रुई तळव्यावर पसरायची, कडा आत घेत गोल करायची, मधला भाग चिमटीनं वर ओढायचा आणि दुधाच्या बोटानं पीळ द्यायचा. नुसतं पाणी लावलं तर मेणामुळे धरत नाही, ओघळून जातं. दुधात थोडी स्निग्धता आणि थोडा चिकटपणा असतो, त्यामुळे शेंडा ताठ राहतो. खालची गोल बैठक तुपात बसते आणि तूप वर पोचवते. बैठक फार मोठी केली तर सगळं तूप तीच पिऊन बसते आणि शेंडा कोरडा जळतो.

आणि वस्त्रमाळ. माझ्या मते या सगळ्यांत देखणी तीच. हातभर लांब, बोटाएवढा जाड पेळू काढायचा. अंगठा आणि तर्जनी दुधात बुडवून दर दोन बोटांवर त्याला पीळ द्यायचा. पिळलेली जागा दोऱ्यासारखी बारीक होते, मधला कापूस मण्यासारखा फुगून राहतो. मग प्रत्येक पिळावर ओल्या कुंकवाचं बोट. मणी सारखे यायला हवेत, पण मोजपट्टी लावायची नाही, नजर बसते. लांब धाग्याचा कापूस असेल तर पेळू न तुटता ओढला जातो. हल्लीच्या संकरित वाणांचा हा एक फायदा मला मान्य करावा लागतो.

आता गंमत अशी, की सणांचं आणि कापसाचं वेळापत्रक जुळत नाही. वस्त्रमाळ लागते श्रावणात, गणपतीत, महालक्ष्म्यांना. तेव्हा शेतात पराटीला नुसती पाती-फुलं असतात. कापूस फुटतो दसरा-दिवाळीला. म्हणजे कळंबच्या चिंतामणी गणपतीला यंदा मागच्या वर्षीचा कापूस. म्हणूनच घरातली बाई वेचणीच्या पहिल्या दिवशी, शेतात सीतादहीची पूजा झाली की, गाठोडं बांधायच्या आधी वातीपुरता कापूस वेगळा काढून ठेवायची. कापूस मग व्यापाऱ्याला जावो की १९७२ नंतरच्या सरकारी एकाधिकार खरेदीत जावो, चुकारा वेळेवर मिळो की न मिळो, तेवढा पसा घरचा. पुष्कळ घरांच्या परसात देवकापसाचं झाड असायचं ते याचसाठी. ते दरवर्षी पेरावं लागत नाही, अनेक वर्षं जगतं, आणि त्याची बोंडं कुणी विकायला नेत नाही.

इथला कापूस बाहेर जायची रीत जुनी आहे. आमची शकुंतला, यवतमाळ ते मूर्तिजापूरची नॅरोगेज, इंग्रजांच्या काळात घातली गेली ती मुळात कापसासाठीच. मूर्तिजापूरला मोठ्या लाइनीवर चढून गाठी मुंबईला, तिथून बोटीनं विलायतेला. १९९४ पर्यंत त्या गाडीला वाफेचं इंजिन होतं, आणि तेही १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं! आमचा कापूस जिकडे जाई, तिकडूनच त्याला ओढायला इंजिन आलेलं. आता गाडी बंद पडली आहे, पण कापूस कच्चा जाणं आणि वस्तू होऊन परत येणं चालूच आहे. वातीचं पाकीट हा त्याचा सगळ्यात लहान नमुना.

यवतमाळात राहून कापसाबद्दल नुसतं गोड लिहिता येत नाही, हेही सांगायला हवं. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीनं उभं पीक खाल्लं. पोरांच्या हातात बोंड देताना हे माझ्या मनात असतं. फवारणी होऊन बरेच दिवस झालेल्या शेतातला कापूस घ्या, उन्हात चांगला वाळवा, काम झाल्यावर पोरांना हात साबणानं धुवायला लावा. कापूस वेचणाऱ्या बाईचे हात बोंडाच्या टोकदार सालीनं कसे ओरखडलेले असतात, तेही पोरांना एकदा दाखवा. शाळेच्या कार्यानुभवाच्या वहीत चिकटवलेल्या कापसाच्या सशापेक्षा हे अधिक उपयोगी आहे असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट बायांसाठी. वातीचं मशीन घ्या, कापूस आम्ही देऊ, तयार वाती आम्हीच परत विकत घेऊ, अशा जाहिराती भिंतींवर आणि मोबाइलवर येत असतात. त्यात पैसे घालण्याआधी दहादा विचार करा. मशीन एकदा विकलं गेलं की वाती परत घ्यायला कुणी येईलच असं नाही. धंदा करायचाच असेल तर हातानं सुरू करा, गावातल्या देवळापासून, ओळखीच्या चार घरांपासून. नवरात्रात अखंड दिव्याला चांगली लांब वात सगळ्यांना हवी असते, आणि ती पाकिटात सहसा मिळत नाही. पाकिटातल्या वातीत कधी कधी कृत्रिम धागाही मिसळलेला असतो. तो ओळखायला एक वात पेटवून बघावी: कापूस जळला की हलकी राख होते आणि जळक्या कागदाचा वास येतो, कृत्रिम धागा वितळतो आणि त्याचा कडक काळा मणी होतो.

ज्योतीबद्दल थोडं. वात जाड केली म्हणजे उजेड जास्त पडतो असा समज आहे. जाड वात जळेल त्याहून जास्त तेल वर ओढते, सगळं तेल नीट जळत नाही, मग ज्योत लांब होऊन धुरकटते आणि भिंत काळी होते. वातीचा शेंडा गव्हाच्या दाण्याएवढा बाहेर ठेवावा आणि काजळी धरली की झाडावी. दिवा शांत आणि बराच वेळ जळतो.

वस्त्रमाळ सजावटीलाही चालते. थर्माकोलच्या मखरांवर राज्यात २०१८ साली बंदी आली, तेव्हा सजावटीला आता काय वापरायचं म्हणून बरीच ओरड झाली. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या मुलींनी गणपतीमागे जुन्या साडीवर वस्त्रमाळांच्या उभ्या ओळी सोडल्या होत्या. खर्च कुंकवाचा आणि वाटीभर दुधाचा. विसर्जनानंतर माळा सोडवून त्यातल्या कोऱ्या भागाच्या वाती झाल्या.

तर या दिवाळीला पोरं विचारतील तेव्हा त्यांना कागद-कात्रीच्या आधी चार बोंडं द्या. शेत असेल तर पहिल्या वेचणीतला पसाभर कापूस गाडीत भरायच्या आधी काढा, वाळवा, सरकीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. शेत नसेल तर ओळखीच्या शेतकऱ्याकडे मागा. एवढ्याला या जिल्ह्यात कुणी नाही म्हणत नाही. पुढच्या श्रावणापर्यंत तो पुरतो.